पेठला पाणी घेऊन गेलेली माणसं

पाऊस जिथं धो धो कोसळतो, त्या पेठ तालुक्यात आम्ही अकरा माणसं घरून पिण्याच्या पाण्याचे सहा कॅन भरून घेऊन गेलो. हे पहिल्याच ओळीत कबूल करतो, कारण आमच्या कोरड्या नांदगावच्या बाजारात ही गोष्ट आमच्या आधी पोचली आणि आता ती वाढवून सांगितली जाते. टँकर नव्हता. सहा कॅन होते.

झालं असं. आमच्या गावच्या नदीवर सरकारनं बंधारा मंजूर केला. नदी म्हणजे काय, तर पावसाळ्यात चारदा वाहते आणि उरलेलं वर्षभर तिच्यातून बैलगाड्या जातात. या बंधाऱ्यासाठी तीन वर्षं मी अर्ज लिहीत होतो. आमच्या गावात कॉलेजात जाऊन बी.ए. झालेला मी पहिला, तेही अर्थशास्त्र घेऊन. त्यामुळे गावाचे सगळे अर्ज माझ्या अक्षरात असतात आणि सगळे नकारही माझ्याच नावावर जमा होतात. या खेपेला होकार आला. अडलं ते घरातच, माझ्या चुलत्यांपाशी, तात्यांपाशी.

बंधाऱ्याचं एक टोक काठात खोल रोवावं लागतं. आमच्या नदीला त्या लायकीचा खडक एकाच जागी आहे आणि तो काठ तात्यांच्या शेताचा. तात्या म्हणाले, "नाय." का नाय, ते सांगेनात. बहात्तरच्या दुष्काळात तात्यांनी गावच्या पाझर तलावावर खडी फोडली होती आणि त्या तलावात आजवर फक्त क्रिकेटचे सामने झाले. तेव्हा सरकारी कामावरून त्यांचं मन उडालंय, असं गावानं परस्पर ठरवून टाकलं. तात्यांनीही ते खोडलं नाही.

इंजिनियर साहेबांनी मुदत दिली. सोमवारपर्यंत तात्यांची सही, नाहीतर बंधारा शेजारच्या गावाला. आणि सही व्हावी म्हणून गावाचा अभ्यास दौरा काढला. पेठच्या डोंगरात एका पाड्यावर असाच बंधारा होऊन काही वर्षं झालीत, तो डोळ्यांनी बघा, मग बोला.

नांदगाव सोडताना

अभ्यास दौरा हा शब्द सरकारचा. आमच्या गावात त्याचा अर्थ लावला गेला तो गंगेवर आंघोळ, काळ्या रामाचं दर्शन आणि जमल्यास बंधारा. दसरा नुकताच झाला होता. मेटाडोर सकाळी आठला निघणार होती, ती साडेदहाला हलली, कारण सुमनकाकूंनी कॅन भरायला घेतले.

सुमनकाकू म्हणजे तात्यांची भावजय आणि आमच्या ग्रामपंचायतीच्या मेंबर. बायकांना राखीव जागा आल्या तेव्हा घरच्यांनी त्यांना सहीपुरतं उभं केलं होतं. निवडून आल्यावर त्यांनी पहिल्याच मीटिंगला सगळा कागद वाचून दाखवा म्हणून हट्ट धरला, तेव्हापासून घरचे जरा लांबून असतात. काकू रोज दीड मैलावरच्या विहिरीवरून पाणी आणतात. बंधारा झाला तर गावातल्या आडाला पाणी उतरेल, असं साहेबांनी सांगितल्यापासून त्या तात्यांशी सरळ बोलत नव्हत्या, तिसऱ्याला सांगायच्या.

"भास्कर, तुझ्या चुलत्याला विचार, कॅन टपावर टाकू का आत?"

"तिला म्हणावं, आत. टपावर डुचमळून सांडतं," तात्या म्हणाले. दोघं हातभर अंतरावर उभे होते.

इंजिनियर साहेब पोरगेलेसे, पुण्याकडचे. ते म्हणाले, "अहो काकू, आपण पेठला चाललोय. तिथं पाणी असतं."

"तिथं असंल," काकू म्हणाल्या, "पण वाटंनं काय हाय, तुम्हाला ठाव हाय का?"

वाटेत नाशिक आहे हे साहेबांनी सांगून पाहिलं. उपयोग झाला नाही. आमच्याकडं माणूस लग्नाला निघाला तरी आधी पाणी घेतो, मग आहेर.

इंदिरानगर: एक नळ

नाशिकला गंगेवर आंघोळी झाल्या, दर्शन झालं. गोदावरीला गंगा म्हणायचं आणि तिच्याच पाण्यात टेम्पो धुवायचे, ही नाशिककरांची भक्ती मला शिकायच्या दिवसांपासून ठाऊक आहे. मुक्काम माझ्या मावसभावाकडं, इंदिरानगरात. नवी वसाहत, निम्म्या घरांना रंग नाही, पण प्रत्येक घरावर टाकी. दोन खोल्यांत अकरा पाहुणे बघून वहिनींच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, फक्त मागं सरकलं.

सकाळी उठून पाहतो तर तात्या मोरीत बसलेले. मोरीचा नळ गळत होता. थेंब, थेंब, काही विशेष नाही. तात्यांनी आपल्या टोपीच्या आतली दोरी उसवून, चिंधी लावून, नळाचं तोंड असं करकचून बांधलं होतं की नंतर मावसभावाला ते ब्लेडनं कापावं लागलं.

"तात्या, झोपला नाही का?"

"झोप कशी येईल? कानाशी पाणी चाललंय फुकट."

तेवढ्यात शेजारच्या गच्चीवरची टाकी भरून वाहू लागली. भिंतीवरून धबधबा, खाली गटार. तात्या बादली घेऊन बनियनवरच बाहेर पळाले. ती बादली भरली, मग आमची कळशी, मग वहिनींचा कुकर. शेजारचे गृहस्थ दात घासत गॅलरीत आले.

"काका, काय करताय?"

"तुमची टाकी वाहती!"

"हो, रोजच वाहते. मोटार बंद करायला विसरतो."

तात्यांनी त्यांच्याकडं असं पाहिलं, की त्या माणसानं ब्रश तोंडातून काढला आणि आत जाऊन मोटार बंद केली. मला आधी लाज वाटली. मी नाशिकला तीन वर्षं शिकलो, गंगापूर रोडवर खोली करून राहिलो, तिथं मला कुणी गावंढळ म्हटलं की मी भांडायचो. आता वाटतं, त्या गॅलरीत गावंढळ कोण होतं ते एकदा ठरवायला हवं होतं.

सावळघाट

नाशिक सोडून पेठच्या रस्त्याला लागलं की तासाभरात जग बदलतं. आमच्याकडं आक्टोबरात जमीन तापलेल्या तव्यासारखी. इथं डोंगराच्या अंगावर अजून शेवाळ, भाताच्या खाचरांत पिवळं पिकलेलं भात, उतारावर नागली, म्हणजे नाचणी. काकू खिडकीतून पाहत होत्या आणि दर वळणाला म्हणत होत्या, "बाई बाई, नुसती उधळमाधळ!" जणू कुणी त्यांचंच पाणी ओतून टाकलं होतं.

घाटात मेटाडोरनं मान टाकली. रेडिएटर उकळलं. ड्रायव्हर मागं वळून म्हणाला, "एक कॅन द्या."

कुणी हललं नाही.

"पिण्याचं हाय ते," तात्या म्हणाले.

"अहो, गाडी उभी राहिली तर पिऊन जाणार कुठं?"

यावर चांगली दहा मिनिटं चर्चा झाली. गढूळ पाणी चालेल का, अर्धा कॅन पुरेल का, प्रत्येक कॅनमधला थोडा थोडा घ्यावा का. अखेर पाच कॅन थोडेथोडे रिकामे करायचं ठरलं. साहेबांनी तोवर सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी रस्त्याच्या वळणाकडं नुसतं बोट केलं. वीस पावलांवर कातळावरून पाण्याची धार पडत होती, मनगटाएवढी जाड, आणि रस्ता ओलांडून दरीत जात होती.

आमचं कुणाचंच तिकडं लक्ष नव्हतं. वाहतं पाणी शोधायची सवयच नाही, तर दिसणार कसं? पाणी म्हणजे भांड्यात असतं ते.

रेडिएटर त्या धारेच्या पाण्यानं भरलं, पाच कॅनही ताजे करून घेतले, पण तात्यांनी सहावा कॅन उघडू दिला नाही. "तो घरचा," म्हणाले.

पाडा

पाड्याचं नाव देत नाही. तिथल्या सरपंच यमुनाताईंना मी तसा शब्द दिला आहे. "नाव छापू नका दादा," त्या म्हणाल्या, "बंधारा झाल्यापासून दर महिन्याला एक दौरा येतो. बंधारा बघायला अर्धा तास, जेवायला दोन तास. असंच राहिलं तर सगळं पीक पाव्हण्यांनाच जाईल."

यमुनाताई कोकणा समाजाच्या, वयानं माझ्याएवढ्याच, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली. शाळा चौथीपर्यंत. पण बंधारा मंजूर झाला तेव्हा कोणत्या दगडावर खांब उभा राहील हे तेव्हाच्या साहेबांना त्यांनी दाखवलं होतं, आणि खांब तिथंच आहे.

बंधारा आधी सांगतो. नदीत ओळीनं खांब, खांबांना उभ्या खाचा. पावसाळाभर नदी मोकळी सोडायची. पाऊस सरला की खाचांत लोखंडी फळ्या बसवायच्या, दोन रांगांमध्ये चिखल ठासायचा, की पाणी अडलं. पुढच्या पावसाच्या तोंडी फळ्या परत काढायच्या. एवढंच यंत्र. काठावर उद्‌घाटनाचा दगड आहे, त्यावर बरीच नावं आहेत. दगडाचा गावाला चांगला उपयोग होतो, बकऱ्या त्याला पाठ घासतात.

बंधाऱ्यामागं पाणी पार वळणापर्यंत तुंबलेलं.  सुमनकाकूंनी चपला काढल्या.

"इतका पाऊस पडतो तुमच्याकडं," मी विचारलं, "मग बंधारा कशाला हवा होता?"

यमुनाताई हसल्या. "पानी लय पडं दादा, पण रहं कुठं? सगळं गुजरातला पळं. होळीला आमी नदीत उकरलेल्या झिऱ्यातून वाटीनं पानी भरायचो."

मग त्यांनी जे सांगितलं ते असं. पूर्वी दिवाळी झाली की अख्खा पाडा घराला कडी घालून खाली द्राक्षांच्या बागांवर मजुरीला जायचा. पोरंही जायची. गुरुजी रिकाम्या शाळेत हजेरी घ्यायचे. आता भातानंतर त्याच ओलीवर हरभरा, वांगी, मिरची होते. माणसं राहिली म्हणून शाळा राहिली. वांगी बाजारात न्यायची म्हणून रस्ता नीट करून घेतला, रस्ता झाला म्हणून एस.टी. आली, एस.टी. आली म्हणून गुरुजी पेठला राहूनही वेळेवर यायला लागले, याबद्दल गुरुजी थोडे नाराज आहेत. बाराही महिने माणसं आहेत म्हणून एका बाईनं बचत गटातून पिठाची गिरणी टाकली. सरकारनं घातला तो बंधारा, गिरणी काही सरकारनं घातली नाही.

कॉलेजात आम्हाला याला गुणक म्हणायला शिकवलं होतं. सरकारनं एका जागी खर्च केला की तो पुढं हात बदलत वाढत जातो. मी परीक्षेत त्यावर आकृती काढली होती, बाणासकट. पण गुणक पिठानं पांढरा होऊन दारात उभा राहतो आणि "चहा घ्या" म्हणतो, हे आकृतीत नव्हतं.

जेवणात नागलीची भाकरी, उडदाची आमटी, खुरासणीची म्हणजे कारळ्याची चटणी आणि वांग्याचं भरीत. काकूंनी काळपट भाकरी उलटीपालटी करून पाहिली आणि मोठ्या मायेनं म्हणाल्या, "करपली वाटतं. असू द्या, चुलीचं काय सांगावं."

"नाय बाई, तिचा रंगच तो आहा," यमुनाताई म्हणाल्या. "तुमची बाजरी आमाला आजारी वाटं."

जेवणं चालली आणि माझ्या ध्यानात आलं, तात्या पंगतीत नाहीत.

ते नदीत होते. बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला, कमरेइतक्या पाण्यात, धोतराचा काचा मारून. दोन खांबांमधल्या एका गाळ्यात खालच्या फळीच्या फटीतून पाणी पिचकारीसारखं उडत होतं आणि तात्या तिच्यात गवत, चिखल आणि आपला खांद्यावरचा पंचा एकत्र कोंबत होते. तोंडानं पट्टा चालू होता.

"एवढा बंधारा बांधला आन् फट ठेवली! डोळं हायत का काय ह्या लोकांना? भास्कर, उतर खाली. बी.ए. झालास म्हणून पाय भिजत नाय का तुझे?"

मी उतरलो. पाणी बर्फासारखं. आम्ही दोघांनी मिळून ती फट जवळपास बुजवली. मला वाटलं, झालं, तात्या वळले. जो माणूस परक्या गावच्या बंधाऱ्यासाठी पंचा घालवतो, तो आपल्या गावाला नाही कसा म्हणेल? काठावरून साहेबही माझ्याकडं बघून हसले.

तेवढ्यात यमुनाताई धावत आल्या. "अवो तात्या, काय करता? काढा, काढा ते!"

"गळतंय बाई."

"गळं नाय. आमी ठेवलीया ती."

तात्या थांबले. हातात चिखलाचा गोळा तसाच.

"खाली आमच्या मावशीची वस्ती आहा," यमुनाताई म्हणाल्या. "आमी सगळं अडवलं तर ती काय पिल? फळ्या बसवायच्या दिवशी खालची चार माणसं येत. ती सांगत, फट एवढी ठेवा. मग आमी ठासू. त्यांचा हात लागल्याशिवाय फळी बसं नाय, हा आमचा रिवाज."

मी साहेबांकडं पाहिलं. ते म्हणाले, "नकाशात नाहीये तसं काही. पण इथं करतात खरं."

तात्यांनी गोळा पाण्यात सोडला. वाकून पंचा ओढून काढला. पाणी परत उसळलं आणि त्यांच्या छातीवर आदळलं. ते तसेच उभे राहिले. ज्या माणसाला नळाचा थेंब सोसत नाही, तो त्या धारेपुढं किती वेळ उभा होता, काय सांगू! मग वर येऊन त्यांनी मेटाडोरमधला सहावा कॅन काढला, घरचं पाणी एका आंब्याच्या रोपाला घातलं आणि फटीतल्या धारेखाली कॅन धरून तो गळ्यापर्यंत भरला.

परतीच्या वाटेवर घाट उतरून गाडी सपाटीला लागली तेव्हा ते माझ्या कानाशी आले.

"आपल्या बंधाऱ्याच्या खाली कोण हाय रे?"

मी मनातल्या मनात नदीच्या काठानं खाली चालत गेलो. आमच्या गावाखाली दोन मैलांवर वस्ती आहे. तिथं तात्यांची सख्खी बहीण दिली आहे. अक्का. तिची विहीर नदीच्या पात्रालगत आहे आणि ती नदीच्याच झिरप्यावर जगते.

तीन वर्षं मी अर्ज लिहीत होतो. लाभधारकांच्या यादीत गावातलं प्रत्येक घर होतं, सुमनकाकूंची म्हैससुद्धा होती. खालच्या वस्तीचं नाव एकाही कागदावर नव्हतं. मी लिहिलं नव्हतं.

"मग हे आधी का नाही बोललात तात्या?"

"काय बोलायचं? गावाच्या पाण्याआड बहिणीला आणलं म्हणले असते. त्यापेक्षा तात्या येडा हाय म्हणलेलं बरं."

पुढच्या सीटवरून सुमनकाकूंनी मान वळवली. महिन्याभरात पहिल्यांदाच त्या थेट त्यांच्याशी बोलल्या.

"येडेच आहात भाऊजी तुम्ही," त्या म्हणाल्या. "मला तरी सांगायचं."

सोमवार

साहेब अकराला आले. ग्रामपंचायतीच्या ओट्यावर सगळं गाव. तात्यांनी कागद समोर घेतला, खिशातून पेन काढलं आणि परत ठेवलं.

"साहेब, ह्यात फट कुठं लिवलीय?"

"काका, हा संमतीचा छापील फॉर्म आहे. तसा रकाना नसतो यात."

"फळ्या बसवायच्या दिवशी खालच्या वस्तीची माणसं हजर पायजेत. ते सांगतील तेवढी फट ऱ्हायली पायजे. हे लिवा, मग सही."

"पण रकानाच नाहीये, काका."

सुमनकाकू पदर खोचून पुढं आल्या. "आमचा भास्कर बी.ए. हाय. त्याला सांगा, काढंल रकाना."

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी शाळेतून फूटपट्टी मागवली. छापील फॉर्मच्या तळाला, शिक्क्यासाठी सोडलेल्या जागेच्या जरा वर, दोन सरळ रेघा ओढल्या आणि माझ्या त्याच अक्षरात लिहिलं.  आजवर मी सरकारचे रकाने भरत आलो होतो, सरकारला रकाना दिला नव्हता. साहेबांनी ते दोनदा वाचलं, डोकं खाजवलं आणि म्हणाले, "वरती विचारतील मला." मग खाली आपली सही केली.

तात्यांनी त्यांच्या सहीखाली सही ठोकली. मोडीसारखी, लांबलचक.

गर्दी चहाकडं वळली. तात्यांनी कोपऱ्यातला कॅन खांद्यावर घेतला. पेठचा, सहावा, अजून भरलेला. आणि नदीच्या कोरड्या पात्रात उतरून खालच्या दिशेनं चालू लागले. उन्ह डोक्यावर आलं होतं.

"तात्या, एवढं ओझं घेऊन कुठं?"

"अक्काकडं. फटीतलं पाणी दाखवून येतो."

"अहो, नुसतं सांगितलं तरी पटेल की त्यांना."

तात्या वळलेसुद्धा नाहीत.

"तिला? नुसतं सांगून? आमच्याच घरातली हाय ती."